बेक्जेच्या वस्तूंवरून हानबोकचं भरतकाम : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

संग्रहालयातला मुकुट आवडला, त्याचा फोटो मिळवला, तो जसाच्या तसा कापडावर उतरवला आणि भरायला घेतला, अशा पद्धतीचं काम लांबूनही ओळखू येतं. कापडावर मुकुट दिसतो खरा, पण तो चिकटवल्यासारखा. कारण सोपं आहे. धातू, दगड आणि भाजलेली माती यांतली नक्षी उंचसखलपणावर उभी असते. कडेनं उजेड पडला की सावली पडते आणि त्या सावलीमुळे आपल्याला पाकळी दिसते. धाग्याकडे तेवढी उंची नसते. धाग्याकडे दिशा असते. रेशमाचा टाका आडवा घातला तर एक चमक, तिरपा घातला तर वेगळी. म्हणून जुन्या वस्तूवरून भरतकामाची नक्षी करायची तर खरं काम म्हणजे वस्तूतल्या प्रत्येक उंचवट्याला टाक्याची दिशा शोधून देणं. पुढचा सगळा लेख या एकाच गोष्टीबद्दल आहे : बेक्जे या प्राचीन कोरियन राज्यातल्या वस्तूंवरून हानबोकसाठी, म्हणजे कोरियाच्या पारंपरिक पोशाखासाठी, नक्षी कशी करायची.

साखळी, देठ टाका, साटीन टाका, गाठीचा टाका एवढं येत असेल तर पुरे. हानबोक शिवता यायलाच हवा असं नाही. शिवणारं कुणी सोबत असलं तरी चालेल. पण त्याचे भाग ओळखता यायला हवेत. वरचं आखूड अंगरख्यासारखं वस्त्र म्हणजे जोगोरी, खालचा घेरदार घागरा म्हणजे छिमा. जोगोरीची गळपट्टी ती गित, तिच्यावर लावतात ती पांढरी अरुंद पट्टी दोंगजोंग, छातीवर बांधायच्या लांब फिती म्हणजे गोरुम आणि बाहीच्या टोकाची वेगळ्या रंगाची पट्टी कुत्तोंग.

आधी प्रदेश ठरवा

“प्राचीन कोरिया” नावाची एकच शैली नाही. उत्तरेला गोगुर्यो, आग्नेयेला सिल्ला, दक्षिणेला गाया आणि नैर्ऋत्येला बेक्जे अशी वेगवेगळी राज्यं होती आणि त्यांचे हात वेगवेगळे होते. सिल्लाचे ग्योंगजूला सापडलेले सोन्याचे मुकुट सरळसोट, टोकदार, झाडाच्या आणि सांबरशिंगाच्या आकाराचे. बेक्जेचं काम मऊ, वळणदार, भरपूर मोकळी जागा ठेवणारं. दोन्ही एकाच जोगोरीवर आणलीत तर जाणकार माणूस पहिल्या नजरेत नाक मुरडेल. आणि ते योग्यच आहे.

मी नवख्यांना बेक्जे सुचवते. इसवी सन पूर्व 18 ते इसवी सन 660 हा या राज्याचा पारंपरिक काळ. राजधानी 475 मध्ये आजच्या गोंगजूला आली आणि 538 मध्ये तिथून बुयोला गेली. आपल्याला हव्या असलेल्या बहुतेक वस्तू याच दोन गावांच्या परिसरातल्या, आणि तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयांत त्या आहेत. गोंगजू, बुयो आणि इक्सान इथली बेक्जेकालीन स्थळं 2015 पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्वतःशी कबूल करून टाकावी. आज आपण जो हानबोक ओळखतो, ती आखूड जोगोरी आणि उंच बांधलेली छिमा, तो जोसोन या बऱ्याच नंतरच्या राजवटीच्या काळातला आकार आहे. बेक्जेची माणसं कमरेखाली येणारं लांब वस्त्र घालत, वर पट्टा बांधत आणि कपड्याच्या कडांना वेगळ्या कापडाची किनार लावत. म्हणजे बेक्जेची नक्षी आजच्या हानबोकवर आणणं ही नवी रचना झाली, जुन्या कपड्याची नक्कल नव्हे. त्यात कमीपणा काही नाही. फक्त विकताना किंवा दाखवताना “बेक्जेकालीन हानबोक” असं म्हणू नये. कोरियन मालिकांतले पोशाखही पुरावा म्हणून धरू नयेत. तिथल्या वेशभूषाकाराला कॅमेऱ्यासाठी काम करायचं असतं.

वस्तू निवडणं

बुयोचं सोन्याचा मुलामा दिलेलं कांस्य धूपपात्र सगळ्यांनाच पहिल्यांदा मोहात पाडतं. 1993 च्या डिसेंबरमध्ये नुंगसान-री इथल्या विहाराच्या अवशेषांत ते सापडलं. उंची 61.8 सेंटिमीटर, माथ्यावर बोंगह्वांग हा फिनिक्ससारखा काल्पनिक पक्षी, त्याखाली पाच वादक, मग डोंगरामागून डोंगर, प्राणी, माणसं, खाली कमळाचं पात्र आणि ते सगळं तोंडात तोलून धरणारा ड्रॅगन. अप्रतिम वस्तू आहे. पहिल्या कामाला अजिबात घेऊ नका. तिचं सौंदर्य तिच्याभोवती फिरून पाहण्यात आहे आणि सपाट कापडावर ती एकाच बाजूनं येते.

त्याऐवजी या चार वस्तूंकडे बघा. सोपी आधी, अवघड नंतर.

पहिली, चांदीचं फूल. बेक्जेचे वरच्या दर्जाचे अधिकारी टोपीला चांदीच्या पत्र्याचं फूल लावत. मधोमध उभी घडी घातलेला पातळ पत्रा, एक दांडा, दोन्ही बाजूंना सारख्या फुटलेल्या फांद्या आणि टोकांना कळ्या. इतकंच. अशी फुलं बुयोच्या परिसरातल्या कबरींत सापडली आहेत आणि 2009 मध्ये इक्सानच्या मिरुक्सा विहाराच्या दगडी पॅगोड्यातल्या अवशेष-ठेव्यातही. पहिल्या कामासाठी यापेक्षा चांगली वस्तू मला माहीत नाही.

दुसरी, कमळाचं कौल. छपराच्या कडेला येणाऱ्या गोल कौलावर आठ रुंद पाकळ्या, मध्ये बियांची वाटी. पाकळी जवळजवळ कोरी, फक्त टोकाला किंचित वर उचललेली. बौद्ध धर्म बेक्जेत 384 मध्ये मारानंत नावाच्या भिक्षूबरोबर चीनमार्गे पोचला आणि कमळ त्याच वाटेनं आलं. इथे मराठी हाताला एक धोका आहे. कमळ म्हटलं की आपला हात अजिंठ्याच्या छताकडे किंवा पैठणीच्या पदराकडे जातो. पाकळ्यांवर पाकळ्या, आत रेषा, काठाला वेल. बेक्जेच्या कौलावर यातलं काही नाही. पाकळी मोकळी ठेवायची आहे, हे दर वेळी स्वतःला बजावावं लागतं.

तिसरी, राणीचा सुवर्णालंकार. 1971 मध्ये गोंगजूच्या सोंगसान-री कबरींजवळ पाण्याचा निचरा करण्याचं काम चालू असताना मुर्योंग राजाची न लुटलेली कबर हाती लागली. राजाची कारकीर्द 501 ते 523. राजा आणि राणी दोघांचेही टोपीला लावायचे सोन्याचे अलंकार तिथे मिळाले. राजाचा ज्वाळेसारखा वर उसळणारा, सोन्याच्या तारेनं लटकवलेल्या बारीक टिकल्यांनी भरलेला. राणीचा शांत, दोन्ही बाजूंना सारखा, मध्ये कमळाच्या बैठकीवर फुलदाणी, आणि टिकली एकही नाही. सपाट पत्र्यातून कापून काढलेली नक्षी असल्यानं दोन्ही भरतकामाला सोयीचे. राणीचा आधी, राजाचा वर्षभरानं.

चौथी, त्याच कबरीतली राणीची लाकडी उशी. लाल रंगावर सोन्याच्या पातळ पट्ट्यांनी षटकोनांची जाळी काढलेली आणि प्रत्येक षटकोनात छोटं चित्र : पक्षी, मासा-ड्रॅगन, कमळ. ही जाळी छिमाच्या खालच्या कडेला फार सुंदर दिसते. पण जाळी एक मिलिमीटरनं चुकली की सगळी रांग चुकते, म्हणून शेवटी.

बुयोजवळच्या ओए-री इथे 1937 मध्ये सापडलेल्या नक्षीच्या फरशा मी मुद्दाम या यादीबाहेर ठेवते. साधारण 29 सेंटिमीटरच्या चौकोनी फरशा, आठ प्रकारच्या. डोंगर, ढग, पक्षी, ड्रॅगन, राक्षस. त्यातल्या तीन गोल शिखरांच्या डोंगररांगा इतक्या ओळखीच्या झाल्या आहेत की पर्सपासून छत्रीपर्यंत सगळीकडे त्या दिसतात. हात बसला की जरूर करा, पण मग एकच डोंगर घ्या, अख्खी फरशी नको.

फोटो आणि परवाना

कोरियातल्या राष्ट्रीय संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर वस्तूंचे मोठे, स्पष्ट फोटो मोफत मिळतात. फोटोखाली गोंगगोंग-नुरी नावाचं सरकारी परवान्याचं चिन्ह बघा. त्याचे प्रकार असतात. पहिल्या प्रकारात संग्रहालयाचं नाव दिलं की व्यावसायिक वापर आणि बदल दोन्हींना मुभा. दुसऱ्यात व्यावसायिक वापर नाही. तिसऱ्यात बदल करायचा नाही. चौथ्यात दोन्ही नाही. नक्षी म्हणजे बदलच, तेव्हा विकायचं काम असेल तर पहिल्या प्रकारचाच फोटो घ्या.

एकाच वस्तूचे किमान तीन फोटो जमवा, आणि शक्यतो वेगवेगळ्या उजेडातले. एका फोटोत जी रेष वाटते ती दुसऱ्यात नुसती सावली निघते. कौलाच्या बाबतीत हे हमखास होतं. पाकळीच्या डाव्या बाजूची गडद रेष मातीत कोरलेली नसते, दिवा उजवीकडे असतो.

सांगाडा काढणं

ट्रेसिंग पेपर फोटोवर ठेवून गिरवायला लागू नका. आधी कोऱ्या कागदावर, वस्तू बघत, हातानं काढा. वाईट आलं तरी चालेल. हातानं काढताना कळतं की या वस्तूचा जीव कशात आहे. चांदीच्या फुलात तो फांदीच्या वळणात आहे, कळीत नाही. राणीच्या अलंकारात दोन बाजूंच्या मधल्या रिकाम्या फटींत आहे.

चांदीच्या फुलासाठी युक्ती सोपी. कागदाला उभी घडी घाला, अर्धीच नक्षी काढा, कात्रीनं कापा, उघडा. कात्रीनं जे कापता येत नाही, ते पत्र्यातही कापायला अवघड गेलं असतं आणि टाक्यातही अवघडच जाणार. म्हणून कात्रीला जिथे अडचण येते तिथे आकार सोपा करा. ही चाळणी मी कमळासाठीही वापरते.

मग माप. समजा गोरुमची तयार रुंदी 6 सेंटिमीटर आहे. दोन्ही कडांना एकेक सेंटिमीटर मोकळं सोडलं तर नक्षीला 4 मिळतात. आता हिशेब करा. 29 सेंटिमीटरची फरशी 4 सेंटिमीटरवर आणली तर ती सातपटीहून लहान झाली. फरशीवर एकमेकींपासून एक सेंटिमीटर दूर असलेल्या दोन रेषा आता दीड मिलिमीटरवरही नाहीत. सोन्याची जर टाचायची तर दोन रेषांमध्ये किमान दोन मिलिमीटर लागतात, नाहीतर त्या एकमेकींना चिकटून एकच जाड पट्टा दिसतो. तेव्हा दोन मिलिमीटरपेक्षा जवळ आलेल्या रेषांपैकी एक पुसून टाका. कुठली पुसायची हे ठरवणं म्हणजेच नक्षीकाराचं काम. माझा नियम असा : जी पुसल्यावरही वस्तू ओळखू येते ती पुसावी.

कपड्यावर जागा

इथे घाई करू नका. बहुतेक कामं टाक्यांत नाही, जागेत बिघडतात.

जोगोरीला खांद्यावर शिवण नसते. पुढचा आणि मागचा भाग सलग कापडाचा. त्यामुळे पुढून चढत खांद्यावरून मागे जाणारी वेल काढलीत तर पाठीवर ती उलटी लटकते. वेल खांद्याच्या दुमडीपाशी थांबवा. पाठीच्या मधोमध मात्र शिवण असते, म्हणून पाठीवर गोल कमळ हवं असेल तर ते शिवणीवर जुळवण्याची कसरत नको. पाठ कोरी ठेवा.

गळपट्टीवर नक्षी छान दिसते, पण दोंगजोंगखाली पट्टीचा काही भाग झाकला जातो आणि दोंगजोंग मळली की बदलतात, म्हणजे ती उसवून पुन्हा टाचतात. त्या भागात टाके घालणं म्हणजे कष्ट वाया. डावी बाजू उजवीवर येते, हेही लक्षात ठेवा : आत जाणाऱ्या उजव्या पुढ्याच्या कडेवरची नक्षी कुणालाच दिसत नाही.

कुत्तोंग ही माझी आवडती जागा. मुर्योंग राजाच्या राणीच्या चांदीच्या बांगड्यांवर दोन ड्रॅगन एकमेकांमागे वेटाळत जातात. आत कोरलेल्या मजकुरावरून त्या 520 मध्ये दारी नावाच्या कारागिरानं घडवल्या हेही कळतं. दीड हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचं नाव असं हाती लागणं दुर्मीळच. मनगटावरची वस्तू मनगटावरच्या पट्टीवर आणायची, यात ओढाताण नाही. ड्रॅगनचं तोंड नवख्यानं टाळावं, नुसत्या अंगाचं वळण घेतलं तरी पुरतं.

ड्रॅगनवरून आठवलं. जोसोन दरबारात छातीवरच्या भरजरी चौकोनांना दर्जाचा अर्थ होता. उत्तर काळात मुलकी अधिकाऱ्यांना सारस, लष्करी अधिकाऱ्यांना वाघ, आणि पाच नख्यांचा ड्रॅगन राजाचा. आज कुणी अडवणार नाही, पण लग्नासाठी कुणाचा पोशाख करत असाल तर छातीवर चौकोनी किंवा गोल चौकट करताना त्या घरातल्या थोरांना विचारून घ्या.

पहिल्या कामाला गोरुमच घ्या. वेगळी पट्टी असते, बिघडली तर दुसरी करता येते, आणि डोळा तिथेच जातो. फक्त गोरुम कापताना दुप्पट रुंदीची असते आणि मग दुमडून शिवतात. नक्षी कापलेल्या पट्टीच्या मध्यावर नाही, तिच्या एका अर्ध्याच्या मध्यावर यायला हवी. आणि गाठ बांधल्यावर फितीची कुठली बाजू पुढे येते, टोक कुठवर लोंबतं, हे कागदावर कळत नाही. जुन्या मांजरपाटाची तेवढीच फीत करा, ज्या व्यक्तीसाठी आहे तिच्या अंगावर बांधा, आरशासमोर उभं करा आणि दिसणाऱ्या जागेवर पेन्सिलनं खूण करा. लांब फितीच्या टोकाला नक्षी, आखूड फीत कोरी. दोन्हींवर भरलं की गर्दी होते.

रंग

यासाठी बेक्जेबद्दलची एक नोंद फार कामाची आहे. 1145 मध्ये संकलित झालेल्या “साम्गुक सागी” या इतिहासग्रंथात तिसऱ्या शतकातल्या गोई राजाचा पोशाख दिला आहे : रुंद बाह्यांचा जांभळा झगा, निळी किनखापी विजार, सोन्याच्या फुलांनी सजलेली काळी रेशमी टोपी, पांढरा चामडी पट्टा, काळे चामडी जोडे. अधिकाऱ्यांना दर्जानुसार जांभळा, तांबडा, निळा, आणि वरच्या अधिकाऱ्यांच्या टोपीवर चांदीची फुलं. म्हणजे रंगपेटी तयारच आहे. काळ्यावर सोनं. जांभळ्यावर चांदी. निळं आणि पांढरं जोडीला. यातले दोनच घ्या, तिसरा फारतर टोकाला.

नैसर्गिक रंगांची आवड असेल तर तांबड्या आणि गुलाबीसाठी कोरियात वापरतात ते होंगह्वा म्हणजे आपली करडईच. सोलापूर-मराठवाड्याकडे तेलासाठी पेरतात तिच्याच फुलांच्या पाकळ्यांतून हा रंग निघतो. निळा मात्र वेगळ्या झाडाचा. त्यांची छोक ही आपली नीळ नव्हे, तरी रंगाला दोन्ही चालतात.

चांदीच्या फुलाला चांदीची जर वापरू नये असं माझं मत. पांढुरक्या राखाडी रेशमानं ते अधिक जुनं आणि अधिक चांदीचं दिसतं. जर लगेच नवी दिसते.

सामान

कापडाला साधं एकरंगी रेशीम सगळ्यात बरं. कोरियात भरतकामासाठी गोंगदान नावाचं नक्षी नसलेलं साटीन घेतात. इथे चांगलं, दाट विणीचं साटीन सिल्क चालेल. ज्या कापडात आधीच बुट्टी विणलेली आहे त्यावर भरू नका. उन्हाळी जोगोरीसाठी रॅमी या झाडाच्या तंतूंचं कापड, म्हणजे मोशी, घेतात, आणि त्यासाठी नावाजलेलं हानसान हे ठिकाण बेक्जेच्याच जुन्या मुलखात आहे. पण मोशी पारदर्शक असते, मागचे धागे दिसतात. पहिल्या खेपेला नको.

धागा रेशमी. कोरियन भरतकामाची ओळख म्हणजे पीळ दिलेला धागा; त्यानं रेष टणक येते आणि घासून लवकर तुटत नाही. बिनपिळाचा धागा जास्त चमकतो पण बोटाच्या कोरड्या कातडीलाही अडकतो. गोरुमला सतत हात लागतो, म्हणून पिळाचाच घ्या. जर घ्यायची तर पैठणीवाल्यांकडे मिळते तशी बारीक टेस्टेड जर चालते. जाड कडक जर वळणावर मोडते.

कापडाखाली धुतलेल्या मांजरपाटाचा थर टाचून घ्या. लाकडी रिंगेत रेशमावर गोल वळ उठतो आणि तो जाता जात नाही, म्हणून चौकोनी चौकटीवर ताणा. जरीकाम करणाऱ्यांची छोटी खाटली मिळाली तर उत्तमच.

नक्षी उतरवणं

कोरियन पद्धतीत नक्षीच्या कागदाला सुबोन म्हणतात. आपल्याकडे जरीवाले खाका करतात तसंच करा. ट्रेसिंग पेपरवर अंतिम नक्षी काढा, कागद मऊ कापडावर ठेवा आणि बारीक सुईनं रेषेवर दीड-दोन मिलिमीटरवर भोकं पाडा. मागची बाजू बारीक पॉलिश पेपरनं हलकी घासली की भोकं मोकळी होतात. मग कागद ताणलेल्या रेशमावर टाचण्यांनी बसवा आणि खडूच्या पुडीची पुरचुंडी त्यावर हलकेच आपटा. कारागीर पूड रॉकेलमध्ये कालवून फिरवतात, पण फिकट रेशमावर डाग राहण्याची भीती असते. कोरडी पूडच बरी. कागद उचलल्यावर ठिपके टोकदार खडूपेन्सिलनं जोडा आणि उरलेली पूड फुंकून टाका. निळा कार्बन पेपर वापरू नका. तो धाग्याखालून डोकावत राहतो.

टाके

चांदीच्या फुलापासून सुरुवात. दांडा देठ टाक्यानं, कोरियन भाषेत इउमसू. प्रत्येक टाका मागच्याच्या निम्म्यापासून निघतो. वळणावर टाके आखूड करा, सरळ भागात लांब. मग कळ्या आणि पानं. मूळ पत्र्याला मधोमध घडी आहे, त्यामुळे त्याचा एक अर्धा उजेडात असतो आणि दुसरा सावलीत. धाग्यात हे रंग न बदलता करायचं. मधल्या रेषेच्या डावीकडचे टाके वरून खाली डावीकडे तिरके, उजवीकडचे उजवीकडे तिरके, दोन्ही मध्यावर भेटणारे. कोरियन भरतकामात पानांसाठी हीच रीत आहे, तिला गारुमसू म्हणतात. एकाच धाग्याचे दोन अर्धे वेगवेगळे चमकतात आणि मधोमध घडी आपोआप दिसते. मधली रेष वेगळी काढू नका.

टाका मध्यातून बाहेर जाऊ द्या, बाहेरून मध्यात नको. बाहेरची कड अशी जास्त नीट राहते. आणि पहिला टाका पानाच्या टोकाशी न घालता साधारण मध्यावर, हव्या त्या तिरकेपणात घाला, मग वर जा, मग पुन्हा मध्याशी येऊन खाली. टोकापासून सुरू केलं की खाली येईपर्यंत तिरकेपणा हळूहळू आडवा होत जातो. हा दोष सगळ्यांकडूनच होतो आणि तो उसवल्याशिवाय सुधारत नाही.

कमळाच्या कौलाला उंची हवी. पाकळीच्या आत आधी साध्या सुती धाग्यानं आडवे भराव टाके घाला. याला सोकसू म्हणतात. भराव कडेपासून एक मिलिमीटर आत ठेवा आणि टोकाकडे एक थर जास्त द्या, कारण मूळ पाकळी टोकालाच उचललेली आहे. वरचे साटीन टाके भरावाला आडवे जाणारे, म्हणजे मध्यापासून टोकाकडे. पाकळी दोन सेंटिमीटरपेक्षा लांब असेल तर एकाच लांब टाक्यानं भरू नका. तो सैल पडतो, नखात अडकतो. तिथे लांब-आखूड टाके एकमेकांत शिरवत जायचं, जारयोनसू. पण रंगछटा बदलायचा मोह आवरा. लांब-आखूड टाका म्हटला की गुलाबीतून पांढऱ्याकडे जावंसं वाटतं. कौल मातीचं आहे, एकाच रंगाचं. चमक बदलते तेवढी पुरे. मधल्या बिया गाठीच्या टाक्यानं, मेदुप्सू : मध्ये एक आणि भोवती सहा किंवा आठ, ज्या कौलावरून काढलंत त्यावर असतील तेवढ्या. मोजून.

राणीचा अलंकार म्हणजे जर टाचण्याचं काम, जिंगुमसू. जरीचे दोन धागे शेजारी शेजारी रेषेवर अंथरायचे आणि बारीक रेशमी धाग्यानं तीन-चार मिलिमीटरवर वरून आडवे बारीक टाके घालत बांधत जायचं. टाचायच्या धाग्याला मेण लावा. त्याचा रंग पिवळा घेतला तर सोनं फिकट राहतं, तांबडा घेतला तर उबदार होतं. काळ्या कापडावर तांबडाच. टोकदार वळणावर दोन्ही जरी एकदम वळवू नका. बाहेरची आधी टाचून वळवा, मग आतली. सुरुवातीची आणि शेवटची टोकं मोठ्या नेढ्याच्या सुईनं मागे ओढून तिथे टाचायची. पुढच्या बाजूला गाठ अजिबात नको. आतला भाग भरू नका. पत्र्यात ज्या फटी आहेत तिथे कापड दिसायला हवं.

पुढे कधी राजाचा अलंकार घेतलात तर त्यावरच्या टिकल्या कापडाला घट्ट शिवू नका. तीन मिलिमीटरची सोनेरी टिकली एकाच सैल फासावर लटकू द्या. मूळ अलंकारातही त्या तारेवर लटकतात, चालताना हलतात, आणि हलण्यासाठीच त्या केल्या आहेत.

यंत्रावर करायचं असेल तर नक्षीच्या फाइलमध्ये प्रत्येक आकाराला टाक्यांचा कोन वेगळा द्यायला सांगा. सॉफ्टवेअर आपणहून सगळ्यांना एकच कोन देतं आणि मग कमळ प्लास्टिकचं दिसतं.

शेवटची आवराआवर

काम चौकटीवरच असताना मागच्या बाजूनं गव्हाच्या पिठाची अगदी पातळ खळ फक्त टाक्यांच्या भागावर बोटानं लावा. कोरियन भरतकामात ही जुनी रीत आहे. टाके बसतात, मागचे धागे सुटत नाहीत. खळ दाट झाली तर पुढे डाग उमटतो, म्हणून आधी चिंधीवर करून बघा. पूर्ण वाळल्यावरच चौकट सैल करा.

इस्त्री उलट्या बाजूनं, खाली जाड टॉवेल घेऊन, आणि दाबून, सरकवून नाही. कमळाच्या भरावावर इस्त्री सरकवली की सगळी उंची गेली. जरीवर वाफ नको.

मग गोरुम दुमडून शिवायला द्या. शिंप्याला नक्षीची वरची बाजू कुठली ते कागदावर बाण काढून द्या. चांदीचं फूल उलटंही बऱ्यापैकी फुलासारखं दिसतं आणि त्याला चूक कळणार नाही. मांजरपाटाचा थर शिवणीच्या आत येणार असेल तर शिवणीपासून अर्धा सेंटिमीटर मागे कापा, नाहीतर फितीची कड जाड होते.

भरलेला गोरुम पाण्यात धुऊ नका. जोगोरी धुवायची असेल तर ड्रायक्लीनला द्या, किंवा गोरुम उसवून बाजूला काढा. तो तसाच टाचलेला असतो. ठेवताना नक्षीवर दुमड येऊ न देता पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. जरीपासून डांबरगोळ्या आणि अत्तर दूर. सोबत एका चिठ्ठीवर वस्तूचं नाव, ती कुठे सापडली, कुठल्या संग्रहालयाच्या फोटोवरून काम केलं आणि त्यात काय बदललं हे लिहून ठेवा. कुणी विचारलं तर तेच सांगायचं असतं, आणि विकायचं झालं तर परवान्यासाठीही तेच लागतं.